बाराशे चाळिसावं पाऊल

तळघर भाड्याने देण्याआधी त्यांनी मला चालून दाखवायला लावलं. कॅनडात, सरेतल्या त्या घराच्या हॉलमध्ये ते खुर्चीत ताठ बसले होते, मान जराशी डावीकडे वळवलेली, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "दारापासून खिडकीपर्यंत जा. परत ये." मला नाशिकहून येऊन जेमतेम आठवडा झाला होता, मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपत होते आणि सोमवारी कॉलेज सुरू होणार होतं. म्हणून मुकाट्याने गेले आणि परत आले. एरवी माझं आधी तोंड चालू होतं, डोकं मागाहून येतं.

"टाच घासतेस," ते म्हणाले. "बरंय. लांबून ओळखू येशील. आता हे वाच."

टीपॉयवरचं एक जुनं मराठी मासिक उचलून त्यांनी माझ्यापुढे धरलं. उलटं. मला वाटलं ही पण परीक्षाच असणार, म्हणून ते सरळ करून घेतलं आणि वाचायला लागले. अर्ध्या पानावर त्यांनी हात वर केला.

"श आणि ष एकच करतेस. पण आवाज खणखणीत आहे. तळघर तुझं. दोन अटी. घरातली एकही वस्तू जागेवरून हलवायची नाही. आणि वर्षातला एक दिवस माझा. त्या दिवशी गाडी तू चालवायची."

"कुठे जायचं?"

"नदीवर."

"नदी तर इथून दहा मिनिटांवर आहे, काका."

"ती नाही," ते म्हणाले आणि उठून आत गेले. मुलाखत संपली.

तळघर रिकामं करून जाणारा मुलगा पुण्याचा होता. बॅगा गाडीत टाकता टाकता त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "म्हातारा थोडा सरकलेला आहे, पण माणूस सोन्यासारखा. फक्त त्याचा मिठाचा डबा हलवू नकोस." मी एकदा हलवला. धुवून पुसून दोन इंच पलीकडे ठेवला, तर त्या दिवशी आमटीत साखर पडली आणि मला तासभर ऐकून घ्यावं लागलं.

सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणायचे. ते मात्र मला नावाने हाक मारत नसत. मी 'तळघर' होते. बेसमेंट हा शब्द त्यांना मंजूर नव्हता. "काय तळघर, आज कॉलेज नाही वाटतं?" असं जिन्याच्या वरच्या पायरीवरून विचारायचे. मी कुठलाही आवाज केलेला नसताना यांना मी घरी आहे हे कसं कळतं, याचं मला कोडं पडायचं.

नोकरी त्यांनी पाटबंधारे खात्यात केली, ओव्हरसियर म्हणून. पस्तीस वर्षं कालव्याच्या काठाकाठाने पायी फिरून त्यांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं झालं होतं आणि मोजल्याशिवाय ते पाऊल टाकत नसत. दारापासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत चौदा. जिन्याच्या पायऱ्या तेरा. कोपऱ्यावरच्या बस स्टॉपपर्यंत दोनशे सहा. बर्फ पडला की शोव्हल घेऊन बाहेर यायचे आणि ड्राइव्हवेवर मोजून बावीस पावलांचे असे सरळ पट्टे ओढायचे की समोरचे पंजाबी पाजी चहाचा कप घेऊन बघत उभे राहत. पाजी हात करायचे. काका कधी परत हात करत नसत. "बहुत बड़े अफसर रहे होंगे," पाजी मला म्हणाले, आणि त्यात तक्रार नव्हती, आदरच होता.

दारात कुणी आलं की हे पहिलं म्हणायचे, "बोला काहीतरी." नमस्कार नाही, या बसा नाही. मंडळाच्या गणपतीत ओळखीच्या बायका समोरून हसत आल्या तरी हे ढिम्म. बोलताना नजर तुमच्या कानाच्या पलीकडे कुठेतरी. त्यांचा मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हिटबीला असायचा, सॉफ्टवेअरमध्ये. रोज संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा आणि हे फोन सरळ कानाला लावायचे. "बाबा, मला फक्त तुमचा कान दिसतोय," असं तो म्हणे. यांचं उत्तर ठरलेलं होतं. "तुझं तोंड माझ्याच घरात घडलंय, मला पाठ आहे."

जेवण झालं की मला वर बोलावून मराठी पेपर मोबाइलवरून मोठ्याने वाचायला लावायचे. का, तर तुमच्या पिढीचे उच्चार बिघडलेत. मी दुकानात आठ तास उभी राहून आलेली असायचे, पाय भरून आलेले, आणि हे 'ष'साठी अडून बसलेत. मी मनात शिव्या घालत वाचायचे. अग्रलेखापासून नाशिकच्या कांद्याच्या बातमीपर्यंत सगळं.

या सगळ्याला मी 'म्हाताऱ्याचा माज' असं नाव देऊन मोकळी झाले होते. मीच काय, सगळेच. आपल्याकडे सत्तरी ओलांडलेल्या माणसाने कसंही वागावं, कुणी कारण विचारत नाही. फार तर घरी जाऊन नक्कल करतात. मी त्यांची नक्कल फार छान करायचे.

पहिल्या वर्षीचा त्यांचा दिवस सप्टेंबरात आला. पहाटे त्यांनी स्वतः धपाटे भाजले, शेंगदाण्याची चटणी घेतली, चार कांदे घेतले. माझ्याकडे तेव्हा नवा परवाना होता, गाडीला मागे हिरवा एन चिकटवलेला. काका बाजूला बसले आणि मला रस्ता सांगायला लागले. होप गावापर्यंत सरळ, मग कोकाहाला हायवेचा चढ. "आता उजवीकडे मोठा कडा येईल." यायचा. "आता उतार. ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस, वास येतो." खरंच येत होता. पुढे काम्लूप्सच्या बाजूला झाडं संपली आणि एकदम वेगळाच मुलूख सुरू झाला. पिवळे, भाजलेले डोंगर. गुडघ्याएवढी राखाडी झुडपं. खाली जमिनीला चिकटलेले निवडुंग. कॅनडा म्हटलं की माझ्या डोक्यात हिरवंगार आणि पांढरंशुभ्र एवढंच होतं. हे तर उन्हाळ्यातल्या मनमाडच्या बाजूचे डोंगर कुणीतरी आणून ठेवल्यासारखे दिसत होते.

नक्की जागा मी सांगणार नाही. तसा त्यांचा हुकूम आहे.

एका मातीच्या रस्त्याच्या टोकाला गाडी लावली. उतरल्यावर कापूर आणि ओवा एकत्र चुरडल्यासारखा वास आला. ऊन डोक्यावर होतं. काकांनी पहिल्यांदा विचारलं, "वर ढग आहे का? चारी बाजूंना बघून सांग. एवढासा असला तरी सांग."

"एकही नाही."

"पलीकडच्या डोंगरावर?"

"तिथेही नाही. एवढं काय त्यात?"

"तिकडे पाऊस पडला तर पाणी इथून येतं. आपल्याला जायचंय ती घळ पाण्यानेच कापलेली आहे. ढग असला तर आत पाऊल टाकायचं नाही, मी म्हटलं तरी नाही."

त्यांनी काठी आपटत पुढे व्हायला सुरुवात केली. काठी सापांसाठी. इथल्या शेपटी वाजवणाऱ्या सापांना ते 'खुळखुळे' म्हणायचे. घळीच्या तोंडापर्यंत ते सावकाश चालले, माझ्या दंडाला धरून. मला वाटलं, वय झालं, ऊन लागत असेल.

घळ म्हणजे डोंगराला सुरीने उभी चीर पाडावी तशी. दोन्ही हात पसरले की दोन्हीकडे भिंत लागते. वर निळ्या आभाळाची एक नाडी. आत शिरल्याबरोबर गारवा आला, आवाज बदलले, आणि काकाही बदलले. काठी त्यांनी माझ्याकडे दिली. दोन्ही हात दोन्ही भिंतींना लावले, मान वर केली आणि चालायला लागले. चालायला म्हणजे काय, सुटलेच. साडेसहा फुटांचा तो ताडमाड माणूस, पाठ ताठ, तोंडाने मोजतोय, एकवीस, बावीस, तेवीस, आणि मी मागून धापा टाकत पळतेय.

"काका, हळू."

"तुझी पावलं तोकडी आहेत. लांब टाक. माझ्या पावलाने चाल म्हणजे हिशोब चुकणार नाही."

भिंत कुठे रेतीची होती, कुठे गुळगुळीत. वळणं येत होती आणि वळण यायच्या आधीच ते वळत होते. सहाशेच्या पुढे वाट इतकी अरुंद झाली की त्यांनी खांदे तिरके केले. तेही आधी तिरके केले, मग वाट अरुंद झाली. मला हे फार ग्रेट वाटत होतं. मी फोन काढून व्हिडिओ घेत होते. मैत्रिणींना दाखवायला, की बघा आमचं ध्यान.

आठशे काहीतरीला समोर दगड होता. वरून निखळून पडलेला, गुडघ्याएवढा, ताज्या मातीचा. काका त्याच्याकडे तसेच चालत निघाले. मी म्हटलं, "काका, दगड." ते थांबले.

"कुठे?"

"समोर."

"समोर म्हणजे किती पावलांवर?"

दगड त्यांच्या नडगीला टेकला होता. मी फोन खाली घेतला. त्यांनी पायाने चाचपून पाहिलं, मग हाताने, आणि मग त्याच दगडावर बसले.

"हा गेल्या वर्षी नव्हता," ते म्हणाले.

"तुम्हाला दिसत नाही," मी म्हटलं.

"कडेकडेचं दिसतं. मधलं पुसलं गेलंय. उन्हात बरं असतं, इथे सावलीत काहीच नाही."

"कधीपासून?"

"तुझ्या आधीची दोन तळघरं."

मग एकेक करून सगळं माझ्या डोक्यात येत गेलं. उलटं मासिक. मिठाचा डबा. बोला काहीतरी. पाजींचा रोज वाया जाणारा हात. आणि रात्रीचा पेपर. मी कधी नव्हे ती शरमले. मी या माणसाची नक्कल करून लोकांना हसवलं होतं.

"दादांना माहीत आहे?" दादा म्हणजे त्यांचा मुलगा.

"नाही. आणि तू सांगायचं नाहीस."

"काका, सांगायला हवं. उद्या तुम्ही जिन्यावरून पडलात म्हणजे?"

"तेरा पायऱ्या आहेत. मी पडत नाही." थोडा वेळ ते भिंतीवरून हात फिरवत राहिले. "हे बघ पोरी. तो वाईट नाही. वाईट असता तर मीच सांगितलं असतं. त्याला कळलं की तो मला व्हिटबीला नेईल आणि तिथे मला एक पाऊल एकट्याने टाकू देणार नाही. बाथरूमलाही माणूस बरोबर. प्रेमानेच करील सगळं. मग मी काय करू? आता बाहेर सगळीकडे मला कुणाचा तरी हात लागतो. इथे दोन्ही बाजूंना भिंत आहे. इथे मी एकटा चालतो. वर्षातून एक दिवस चालतो."

मी शब्द दिला. तो दगड दोघांनी मिळून बाजूला लोटला आणि पुढे निघालो. आता मी व्हिडिओ काढत नव्हते, मोजत होते. बाराशे चाळीसला काकांनी खाली मान घालून कमरेत वाक दिला, आणि मी बघते तो वर, दोन भिंतींच्या मध्ये एक मोठा धोंडा अडकलेला. माझ्या डोक्यावरून तो आरामात गेला. काका वाकले नसते तर कपाळमोक्ष ठरलेला होता. "इथे वाकायचं," ते म्हणाले. "मला. तुला नाही."

पुढे भिंती जरा लांब सरकल्या, उजेड वाढला, वारा आला. सतराशे बाराला पायाखाली गोटे लागले आणि समोर नदी. थॉम्प्सन. रुंद, हिरवट, घाई असल्यासारखी चाललेली. एवढ्या भाजलेल्या मुलखात एवढं पाणी बघून मला रडूच आलं, का ते माहीत नाही. घरची आठवण आली असेल. काका काठावर बसले, कोपरापर्यंत हात पाण्यात घातले आणि खात्यात वर्दी द्यावी तसे म्हणाले, "पाणी चालू."

मग मला कामाला लावलं. "पलीकडे एक काळा दगड आहे. किती बुडालाय?"

"गुडघ्यापर्यंत."

"कोणाच्या? तुझ्या की माझ्या?"

"तुमच्या."

"म्हणजे गेल्या साली होतं तेवढंच." त्यांचं समाधान झालं. मग धपाटे काढले. कांदा त्यांनी मुठीने फोडला. काकू होत्या तेव्हा दोघं इथे यायची, पण काकूंना अरुंद जागेची भीती, म्हणून त्या घळीच्या तोंडाशी छत्री घेऊन बसायच्या आणि हे एकटे नदीपर्यंत जाऊन बाटलीभर पाणी घेऊन यायचे. "ती पाण्याचा वास घ्यायची आणि म्हणायची, गेला होतात खरे." हे सांगून ते बराच वेळ खात राहिले.

दुसऱ्या वर्षीही गेलो. त्या दोन वर्षांत मी त्यांचे डोळे झाले असं म्हणायला मला आवडलं असतं, पण त्यांनी होऊ दिलं नाही. फक्त पेपर मात्र मी कुरकुर न करता वाचायला लागले. नाटक तसंच चालू होतं. "ष नीट म्हण," ते म्हणायचे आणि मी नीट म्हणायचे.

दिलेला शब्द मी तोंडाने पाळला. माझ्यासारखीने तो पाळला याचा मला अभिमानही होता. दादा फोनवर विचारायचे, "बाबा कसे आहेत? ठीक ना? यू वुड टेल मी, राइट?" आणि मी म्हणायचे, ठणठणीत आहेत.

मग ती दिवाळी आली. दादा चार दिवसांसाठी येणार होते. आई फोनवर मागे लागली. त्यांच्या घरात बाई नाही, तू तरी दारात चार रेघा काढ, रांगोळीशिवाय दिवाळी कसली. मलाही हौस आली. बाहेर सरेचा पाऊस लागलेला, म्हणून मी आतल्या बाजूला, दाराला लागून असलेल्या फरशीवर बसले आणि दोन तास खपून कमळ काढलं. मुक्तहस्त, आठ पाकळ्यांचं, गुलाबी आणि पिवळं. इतकी रमले होते की ते कमळ दार ते हॉल या सात पावलांच्या बरोबर वाटेवर आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रांगोळी कुणी बघून चालायची असते असं आपण कधी शिकत नाही. आपले पाय आपोआप बाजूने जातात.

दादा सोफ्यावर बसले होते, मी फराळाची ताटं भरत होते. काका देवघरातून आले आणि सरळ चालत रांगोळीवर गेले. एक पाकळी, दुसरी, मग मधोमध थांबले, कारण तिथून दाराची कडी त्यांना हाताला लागायची. पाऊस थांबला का ते बघायला दार थोडं उघडलं, लावलं, वळले.

दादा सोफ्यावरून उठून उभे राहिले होते. काकांच्या पिढीच्या, आपल्याच घरच्या माणसाने रांगोळीवर पाय दिला, हे त्यांना आधी समजेच ना.

"बाबा," ते हळूच म्हणाले, "रांगोळी बघितलीत का हिची?"

"बघितली की," काका त्या कमळाच्या मध्यावर उभे राहून म्हणाले. "छान काढलीय. ठिपके अगदी एका रेषेत आलेत."

त्यात एकही ठिपका नव्हता. काका चालत खुर्चीकडे गेले, पांढऱ्या कार्पेटवर गुलाबी पावलं उमटत गेली. लक्ष्मीच्या पावलांसारखी, पण मोठी. मी ताट हातात घेऊन उभीच राहिले.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी मला काही बोलायला हवं होतं. उलट ते कार्पेटवर बसले आणि हाताने तो रंग पुसायला लागले आणि तो जास्तच पसरला. काकांना काय झालं ते आमच्या गप्प बसण्यावरून कळलं. त्यांनी पाय उचलून खुर्चीवर घेतले, लहान मूल घेतं तसे.

पुढचं सगळं भराभर झालं. डोळ्यांचे डॉक्टर, तपासण्या, उशीर झालाय हे ऐकणं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दादा त्यांना न्यायला परत आले. मला दुसरी खोली बघावी लागली, पण ते काही नाही, खोल्या मिळतात. त्या मधल्या दिवसांत काका माझ्याशी अवाक्षर बोलले नव्हते. पेपर वाचायलाही बोलावलं नाही. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहायचे, की हाक येईल.

निघायच्या दिवशी ते जिन्याच्या वर उभे राहिले. "तळघर."

"काका, माझी चूक झाली."

"कमळ होतं म्हणे."

"हो."

"मला तुझा राग आलेला आहे," ते म्हणाले. "तो काही दिवस राहील. मला लगेच सोडायची सवय नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस, पण राहील." मग दारापर्यंतची सात पावलं त्यांनी मोजली, मोठ्याने, आणि गाडीत बसले. ड्राइव्हवेवर पाजी उभे होते. पाजींनी हात केला. दादांनी वडिलांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि काकांनी काचेतून हात वर केला, थोडा चुकीच्या दिशेला. पाजींनी चटकन त्या दिशेला सरकून तो घेतला. तेव्हा मी पहिल्यांदा घळाघळा रडले.

पुढच्या सप्टेंबरात मी एकटी गेले. एकटी म्हणजे, एक मैत्रीण घळीच्या तोंडाशी बसवून ठेवली होती, छत्री देऊन. ढग बघितला, चारी बाजूंना. फोन जॅकेटच्या खिशाला अडकवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि मोठ्याने म्हटलं, "एक." टाचा घासत, पावलं लांब टाकत, त्यांच्या मापाने चालत मी सतराशे बारापर्यंत मोजलं. वळण आलं की सांगितलं. भिंत रेतीची आहे, आता गुळगुळीत, आता खांदे तिरके करा, असं सांगत गेले. मधे एकदा निवडुंगाचा काटा घुसला. नदीवर फोन पाण्याजवळ धरला आणि म्हटलं, "पाणी चालू. काळा दगड तुमच्या गुडघ्याच्या चार बोटं खाली." घरी येऊन ते दादांच्या फोनवर पाठवून दिलं. काही उत्तर येईल अशी अपेक्षा नव्हती.

आठव्या दिवशी फोन आला. "तळघर," पलीकडून आवाज आला, "चारशे नव्वदला शिवी दिलीस."

"काटा लागला हो."

"कळलं. पण अशी शिवी मुलींनी देऊ नये. दोनदा ऐकली मी." मग म्हणाले, "बाराशे चाळीसला वाक म्हणाली नाहीस."

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी धोंड्याखालून सरळ चालत गेले होते. "मला वाकावं लागत नाही ना, काका. मी परत करून पाठवते."

"नको," ते म्हणाले. "तेवढं माझं मला राहू दे." आणि फोन ठेवला. राग गेला का, हे मी विचारलं नाही.

त्यानंतर अडीच वर्षं त्यांचा महिन्यातून एखादा फोन यायचा. मला इथे कायमचं राहायचं पीआर मिळालं तेव्हा, माझं लग्न ठरलं तेव्हा. लग्न ठरल्यावर विचारलं, "चालतो कसा?" मी म्हटलं, काका, चांगला चालतो. "टाच घासत नाही ना?" एवढंच. या फेब्रुवारीत ते झोपेतच गेले. दादांनी फोन केला तेव्हा मी दुकानाच्या मागच्या खोलीत होते, आता मी तिथली मॅनेजर आहे. खोक्यावर बसले आणि उगाचच मनात काकांच्या जिन्याच्या पायऱ्या मोजत राहिले.

ऑगस्टमध्ये दादांचा पुन्हा फोन. "मला ती जागा दाखवशील?"

या सप्टेंबरात त्यांना घेऊन गेले. कोकाहालाच्या चढावर दादा म्हणाले, "तेव्हा मी बाबांना माझ्या घरी आणलं, आय हॅड टू. मला भीती वाटत होती."

"बरोबर केलंत," मी म्हटलं. खरंच म्हटलं. "त्यांना तिथे चालू द्यायचात का?"

"सुरुवातीला नाही. मग तुझं ते रेकॉर्डिंग आलं." त्यांच्या घरात बेडरूमपासून किचनपर्यंत एक हॉलवे आहे, अरुंद, लांबलचक. काकांनी रेकॉर्डिंग कानाला लावून त्या हॉलवेत दोन्ही भिंतींना हात टेकून चालायला सुरुवात केली. अकरा पावलं जायचं, वळायचं, अकरा पावलं यायचं. रोज, सतराशे बारा होईपर्यंत. पहिल्या दिवशी दादा धरायला धावले तर काकांनी ओरडून बाजूला केलं. मग दादांनी तिथलं सगळं सामान काढून टाकलं. चपलांचं कपाट, मुलांची सायकल, भिंतीवरच्या तसबिरी. "माझ्या मुलांना रूल होता," ते म्हणाले, "आजोबा चालतायत तेव्हा हॉलवेमध्ये नोबडी."

काम्लूप्सच्या अलीकडे झाडं संपली. दादा खिडकीतून बघत होते. "एक मात्र मला कधी कळलं नाही," ते म्हणाले. "लॉन्ड्रीच्या दारासमोर ते रोज एकदा वाकायचे. असे, कमरेत. तिथे काहीच नाही. मला वाटायचं पाठ दुखते. फिजिओकडेही नेलं."

मी गाडी चालवत राहिले. मला सांगता आलं असतं, पण मी तोंड बंद ठेवलं.

ढग नव्हता. घळीत शिरल्यावर दादांनी दोन्ही हात भिंतींना लावले, न सांगता. मी मागून मोजत होते. ते पुढे सावकाश चालत होते, मधूनमधून भिंतीवर हात तसाच ठेवून थांबत होते. खांदे तिरके केले. वळले. बाराशे पस्तीस, छत्तीस, सदतीस. वर तो धोंडा दिसायला लागला तसे ते थबकले. बराच वेळ वर बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. मी मान हलवली.

दादा आईवर गेलेत. उंचीने माझ्यापेक्षा जेमतेम चार बोटं जास्त. त्या धोंड्याखालून त्यांना ताठ मानेने जाता आलं असतं.

ते कमरेत वाकले, पूर्ण, सहा फुटांच्या वरच्या माणसाला वाकावं लागतं तेवढे, आणि पलीकडे जाऊन सरळ उभे राहत म्हणाले, "बाराशे एक्केचाळीस."